झेंडीची पोच

बावडा, ता. इंदापूर
११ मार्च २०२४

चि. स्वरूपा रणवरे हिस,
सप्रेम जय भीम.

मी संघपालचा बाप. आपली गाठ एकदाच पडली आहे. फेब्रुवारीत तू त्याची बॅग घेऊन घरी आलीस, ओसरीवर बसलीस आणि चहा तसाच ठेवून गेलीस. मी त्या दिवशी काही बोललो नाही. मला कानानं कमी ऐकू येतं, आणि ऐकायची इच्छाही नव्हती. फोनवर तर माझं निम्मं वाया जातं. म्हणून लिहितो आहे.

मी बत्तीस वर्षं सरकारी भूकरमापक होतो. साखळी ओढली, प्लेन टेबल मांडलं, शेवटी टोटल स्टेशनही शिकलो. तेव्हा तू मापाच्या भाषेत लिहिलंस तरी चालेल, माझ्यासाठी सोपं करत बसू नकोस.

तुमच्या हिमवेध संस्थेचं पत्र परवा आलं. सोबत चौकशी समितीचा अहवाल, साडेचार पानं. त्यातलं एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो. ‘संघपाल नाना साबळे, वय २९, सहायक सर्वेक्षक, हे लाल काठ्यांनी आखलेला सुरक्षित मार्ग सोडून स्वतःहून पुढे गेले व बर्फाच्या भेगेत पडले.’ पोरगा पडला, हे मी सोसतो आहे. साठ मीटर दोर सोडूनही हाताला लागला नाही, तेही सोसतो आहे. जलदानविधी आम्ही फोटोपुढे केला. पण तो ‘स्वतःहून’ हा शब्द काही केल्या घशाखाली उतरत नाही.

गावात बोलायला माणसं मोकळीच असतात. कट्ट्यावर एक जण म्हणाला, कडेला फोटो काढायला गेला असेल, आजकालची पोरं तशीच. मी उठून घरी आलो. तेव्हापासून कट्ट्यावर गेलो नाही.

निवृत्तीनंतर मी खाजगी मोजण्या करायचो. संघपाल तेव्हा बारामतीला डिप्लोमा करत होता. सुट्टी असली की माझ्याबरोबर झेंडी धरायला यायचा. मापायच्या ठिकाणी झेंडी रोवून तिच्याजवळ उभं राहायचं, यंत्रावरचा माणूस तिच्यावर नेम धरतो, एवढंच ते काम. दिसायला सोपं आहे, पण पुष्कळांना जमत नाही, कारण कंटाळा येतो. माझ्या हाताखाली झेंडी धरलेला माणूस जागा सोडत नाही. संघपालनं सोडली असेल तर तसं कळव, मी मान खाली घालीन. सोडली नसेल तर तेही कळव. यंत्रावर तू होतीस. त्याच्याकडं बघणारं तिथं दुसरं कोणी नव्हतं.

जमल्यास त्या दिवसाच्या मोजणीचा नकाशा पाठव.

कळावे,
नाना बाबू साबळे


पुणे
३० मार्च २०२४

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहायला बसले आणि कागद टाकून दिले. तुमच्या घरी चहा ठेवून आले, ते अजून लागून राहिलंय. घोट उतरत नव्हता, दुसरं काही कारण नव्हतं.

संघपालनं तुम्हाला आमच्या कामाबद्दल सांगितलं असेलच. तरी लिहिते, कारण त्याच्याविषयी लिहायला दुसरीकडून सुरुवात करणं मला जमत नाहीये. अंटार्क्टिकावर समुद्राकडे सरकत जाणाऱ्या एका हिमनदीचा आम्ही बारीक नकाशा करत होतो. तिपाईवर लेझर स्कॅनर मांडायचा. तो गोल फिरत किरण सोडतो, किरण जिथं आपटेल तिथून परत येतो, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर मिळतं. अशी कोट्यवधी मापं एका फेरीत होतात. सगळे बिंदू एकत्र केले की पडद्यावर बर्फाचा उंचवटा न् उंचवटा उभा राहतो. वर्षानं पुन्हा तेच करायचं आणि दोन्हीतला फरक काढायचा, म्हणजे बर्फ किती झिजला, किती सरकला ते कळतं.

त्या हिमनदीला आमच्याकडे नुसता क्रमांक होता. संघपाल तिला नीरा म्हणायचा. झेंडी रोवायच्या खुणांनाही त्यानं आपल्याकडची नावं दिली होती. एक सणसर, माझ्या गावाचं. एक अंथुर्णे. शेवटची बावडा. परदेशी माणसांना ती उच्चारताना ऐकून आम्ही दोघं खूप हसायचो. तिथं त्याच्याइतकं जवळचं मला कोणी नव्हतं.

त्या दिवशी, १९ जानेवारीला, माझं लक्ष यंत्राकडे होतं. मान वर केली तेव्हा तो दिसला नाही. समितीला मी हेच सांगितलं. अहवालातले शब्द त्यांचे आहेत. ते तुम्हाला लागले, याचं मला फार वाईट वाटतं.

नकाशा सोबत पाठवते आहे, चार तक्ते. शालनकाकूंची काळजी घ्या, आणि स्वतःचीही.

तुमची,
स्वरूपा


बावडा
१८ एप्रिल २०२४

चि. स्वरूपास, जय भीम.

नकाशा मिळाला. जयंतीच्या धामधुमीत चार दिवस गुंडाळी उघडलीच नाही. दरवर्षी विहाराचा मांडव संघपाल बघायचा, यंदा पोरांनी तो आमच्या दाराशी येऊन विचारून घातला. मी हो म्हणालो आणि आत जाऊन बसलो.

आता नकाशाविषयी. काम सुरेख आहे. अशा कामासाठी मी एक जन्म आणखी घ्यायला तयार झालो असतो. आम्ही एका गटाला दहा-बारा बिंदू घ्यायचो आणि मधलं अंदाजानं जोडायचो. तुझ्या नकाशात अंदाज कुठंच नाही.

पण चौथ्या तक्त्यावर एक गोष्ट आहे. तुझ्या यंत्राची जागा आणि बावडा ही खूण यांत छत्तीस सेंटिमीटर भरतात, म्हणजे जागेवर एकशे ऐंशी मीटर. लाल काठ्यांचा मार्ग त्याच्या चौदा मीटर अलीकडं संपतो. बावड्यापाशी एक कोरी जागा सुरू होते. सुरुवातीला मिलिमीटरभर रुंद आहे आणि तुझ्या यंत्रापासून लांब जाताना रुंदावत जाते. तुझ्या यंत्रातून काढलेली सरळ रेघ बरोबर तिच्या मधून जाते. मी पट्टी लावून पाहिली आहे.

बाकी तक्त्यांवरही अशा कोऱ्या जागा आहेत. त्यांच्या तोंडाशी कुठं उंचवटा आहे, कुठं खडक. आडवं काही आलं की किरण पलीकडं पोचत नाही, तेव्हा तिथं माप नाही. आम्हालाही झाडापलीकडचं दिसायचं नाही, आम्हीही कोरं सोडायचो. ते बरोबर आहे. पण या एका कोऱ्या जागेच्या तोंडाशी काहीच नाही. सपाट बर्फ दाखवला आहे.

मग आड काय आलं होतं? तंबू म्हणावं तर रुंदी नकाशावर मिलिमीटरभर, म्हणजे जागेवर अर्धा मीटर. अर्धा मीटर रुंदीचं काय असतं, ते मी बत्तीस वर्षं दुर्बिणीतून पाहिलेलं आहे.

तू तिथून काय पुसलंस?

नाना


बावडा
९ जून २०२४

स्वरूपाताई, मी पायल. आजी सांगते तसं लिहिते आहे. तिनं सांगितलंय की एक शब्द बदलायचा नाही.

बाई स्वरूपा, मला सही येती, पर एवढं लांबडं लिवाय येत न्हाय, म्हनून पोरीला बसवलंय. दीड म्हैना झाला, तुजं काय उत्तर न्हाय. आमच्या ह्यांनी तुजा नकाशा भितीला लावलाय. सकाळी उटलं की भिंग घिऊन हुबं. जेवाय हाक मारली तर आलो म्हनत्यात आनि येत न्हाईत. विहारात न्हाईत, कट्ट्यावर न्हाईत. मानसं म्हनत्यात म्हातारा खचला. खचला न्हाय, लाजतोय. पोरगं जागा सोडून गेलं, हे त्यास्नी सोसंना.

तुला एक सांगते, हे त्यांनी लिवलं नसंल. धा वर्सं झाली. अंथुर्ण्याला मोजनी व्हती. उनाचा तडाका. संघपालनं झेंडी रोवली आनि झाडाखाली पानी प्यायला गेला. वाऱ्यानं झेंडी कलली आनि माप चुकलं. ह्यांनी चार मानसांत त्याला लई बोल लावला. म्हनले, “झेंडी जितं हाय तितं मानूस पायजे. माजं काम झालं की मी दोनी हात वर करीन. तू झेंडी हालवून पोच दे. पोच आल्याबिगर मी हात खाली घ्यायचा न्हाय, आनि माजा हात वर झाल्याबिगर तू हालायचं न्हाय.”

पोरगं त्या दिशी जेवलं न्हाय. पर तवापासनं कदी हाललंबी न्हाय. मी डबा घिऊन जायाची, तर ह्यांचा हात वर हुईस्तवर माज्या हातचं पानीसुदिक घ्यायचा न्हाय.

तुला काय ठावं असंल ते सांग. वंगाळ असलं तरी सांग. आमी लई सोसलंय, तेबी सोसू. पर त्या भितीवरल्या नकाशापासनं मानूस सोडव.

आजीनं अंगठ्याशेजारी सही पण केली आहे.

शालन नाना साबळे


पुणे
२ जुलै २०२४

आदरणीय नाना आणि शालनकाकू,

मी खोटं लिहिलं होतं. खोटं बोलले नाही, पण खरं दडवलं, आणि तुम्ही विचारूनही दडवलं. म्हणजे ते खोटंच.

संघपाल स्वतःहून पुढे गेला नाही. मी त्याला पाठवलं.

त्या दिवशी सकाळी लाल काठ्यांच्या शेवटापर्यंत आम्ही दोघं गेलो, मग मी यंत्रापाशी परत आले. मला बिंदू आणखी पुढे हवा होता, म्हणजे हिमनदीची कड नकाशात नीट आली असती. वॉकीटॉकीवर मी त्याला म्हणाले, अजून थोडं पुढे. तो थांबला. मी पुन्हा म्हणाले, अजून दहा-बारा पावलं. तो काठीनं बर्फ टोचत टोचत गेला आणि खूण रोवली. ती बावडा. अहवालात लिहिलेला ‘मार्गाबाहेरचा भाग’ तो हाच, आणि त्याच्याकडे बोट माझं होतं.

तिथल्या थंडीत वॉकीटॉकीची बॅटरी मधेच मरते. म्हणून त्यानं पहिल्याच आठवड्यात मला तुमची पद्धत शिकवली होती. काम संपलं की यंत्रावरच्यानं दोन्ही हात वर करायचे, खुणेवरच्यानं झेंडी हलवून पोच द्यायची. आमच्या तळावरचे सगळे ती वापरू लागले. त्याला याचा फार अभिमान होता. ‘नानांची पद्धत’ म्हणायचा.

पहिली फेरी पंचवीस मिनिटांत झाली. मला तेव्हा हात वर करायला हवे होते. पण तिपाईचा एक पाय बर्फात खचला होता आणि माप तिरकं आलं होतं. मी ते पाहिलं, चिडले, तिपाई पुन्हा बसवली आणि त्याला काहीएक न सांगता दुसरी फेरी लावली. वारा फार होता. यंत्राची जादा बॅटरी गार पडू नये म्हणून ती पोटाशी धरून मी आडोशाच्या कापडामागे बसून राहिले. दुसरं कोणी असतं तर पाय मोकळे करायला इकडेतिकडे फिरलं असतं, किंवा वैतागून माझ्यापर्यंत चालत आलं असतं. आणि वाचलं असतं. तो उभा राहिला. त्याच्या पायाखाली भेगेवरचं बर्फाचं झाकण होतं, आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं.

फेरी संपल्यावर मी उठले. झेंडी नव्हती आणि तोही नव्हता.

समितीनं विचारलं, तो मार्गाबाहेर कसा गेला. मी म्हणाले, माझं लक्ष यंत्राकडे होतं. त्यांनी ‘स्वतःहून’ लिहिलं. मी वाचलं आणि सही केली.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नकाशा करताना बिंदूंमधून माणसं काढून टाकायची असतात. आम्हाला बर्फ हवा असतो, माणूस नाही. मी त्याला काढलं. त्याच्यामागची कोरी जागा आजूबाजूच्या मापांवरून भरता येते, संगणक तसं विचारतोही. माणसांमागच्या बाकीच्या सगळ्या जागा मी भरल्या होत्या. ती एक भरता आली नाही. तुम्ही पट्टी लावाल असं मला कुठं माहीत होतं? पण बरं झालं लावलीत.

मूळ मापं मी पुसलेली नाहीत. दोन्ही फेऱ्यांत तो आहे. सोबत त्याचं चित्र छापून पाठवते आहे. ते फोटोसारखं नाही, नुसते ठिपके आहेत, तीन हजार सातशे. चेहरा ओळखू येणार नाही. उजव्या हातात झेंडीची काठी, डावा हात काखेत, मान थोडी माझ्या दिशेला वळलेली. तो हात वर होण्याची वाट बघत होता.

पहिल्या फेरीत किरण त्याच्यावर पडला तेव्हा, आणि दुसऱ्या फेरीत पडला तेव्हा, यात चाळीस मिनिटांचं अंतर आहे. मी दोन्ही मापं खडकावरच्या पक्क्या खुणांशी जुळवून एकमेकांवर ठेवून पाहिली. फरक एक सेंटिमीटर आहे, तोही समुद्राच्या दिशेला. ती हिमनदी दिवसाला चाळीस सेंटिमीटर सरकते. चाळीस मिनिटांत एक सेंटिमीटर होतो. नाना, तो सेंटिमीटर बर्फाचा आहे. संघपाल हलला नाही.

हेच सगळं मी आज संस्थेलाही लिहून दिलं आहे. ते जे करतील ते करतील. मी पुन्हा बर्फावर जाणार नाही. तुमची क्षमा मागायचं धाडस माझ्यात नाही, म्हणून मागत नाही.

स्वरूपा


बावडा
२८ जुलै २०२४

चि. स्वरूपास, जय भीम.

तुझं पत्र पायलनं मोठ्यानं वाचलं. मग मी एकट्यानं वाचलं.

मला राग आला. तो आला नाही असं लिहिलं तर तेही दडवल्यासारखंच होईल. तीन दिवस आला. तू माझ्यासमोर असतीस तर मी काय बोललो असतो, ते इथं लिहीत नाही. चौथ्या दिवशी मी आंघोळ करून ते चित्र घेतलं आणि पट्टी लावली. सवय, दुसरं काय? बाजूला तू प्रमाण दिलं आहेस, म्हणून उंची काढता आली. बुटांसकट एक मीटर बहात्तर. बरोबर आहे. शालन म्हणाली, “मापाय कशाला पायजे? हुबा कसा हाय त्ये बगा की. त्योच हाय.” काठीवर भार टाकून एक गुडघा सैल सोडायची त्याची लकब होती. ठिपक्यांतही ती आहे.

मग राग माझ्याकडं वळला, तो अजून तिथंच आहे. अंथुर्ण्याला मी त्याला चार माणसांत बोललो ते एका कललेल्या झेंडीपायी. माप तसंही पुन्हा घ्यायचंच होतं. मी त्याला जागा धरायला शिकवलं. जागाच धोक्याची असेल तर सोडून पळ, हे शिकवायचं राहून गेलं. आमच्या रानात जमीन पायाखालून जात नाही, म्हणून मला ते कधी सुचलं नाही. तू हात वर करायला विसरलीस आणि तो माझा शब्द मोडायला विसरला. आपण दोघांनी मिळून त्याला तिथं धरून ठेवलं. तुझी चूक मी कमी करत नाही, माझी तिच्याशेजारी मांडतो आहे.

चित्र घेऊन मी रविवारी विहारात गेलो. वंदना झाल्यावर उभा राहिलो आणि तुझ्या पत्रातला सेंटिमीटरचा मजकूर वाचून दाखवला. बहुतेकांना माप कळलं नसेल. शेवटचं वाक्य कळलं. कट्ट्यावरचा तो माणूसही बसला होता. त्यानं बाहेर माझी चप्पल सरळ करून ठेवली. मी ती पायात घातली.

नकाशा भिंतीवरून उतरवला आहे. चित्र लावलं आहे.

आता दोन गोष्टी. पहिली, तू दिलेल्या वेगानं मी हिशोब केला. पहिल्या तक्त्यावर समुद्र अकरा किलोमीटर दाखवला आहे. वर्षाला एकशे सेहेचाळीस मीटर. त्याला समुद्रापर्यंत पोचायला पंचाहत्तर वर्षं लागतील. आमची पायल तेव्हा माझ्याहून म्हातारी असेल. तिच्या वहीत मी तारीख लिहून ठेवली आहे.

दुसरी. मोजणी अर्धवट राहिली आहे. माझा नियम तुला ठाऊक आहे, तो त्यानंच तुला शिकवला. झेंडीवरच्या माणसाला सोडतो तो यंत्रावरचा माणूस. बाप सोडू शकत नाही, समिती सोडू शकत नाही. तू अजून हात वर केलेले नाहीत. बर्फावर जाणार नाही असं लिहिलं आहेस, ते मला मान्य नाही. जा आणि त्याला सोड. क्षमेचं त्यानंतर बघू.

नाना


पुणे
२१ नोव्हेंबर २०२४

आदरणीय नाना,
जय भीम.

संस्थेनं अहवाल दुरुस्त केला. ‘स्वतःहून’ काढून त्या जागी ‘गटप्रमुखाच्या सूचनेनुसार’ असं लिहिलं आहे. सहीची प्रत सोबत आहे, शालनकाकूंना वाचून दाखवा. माझं गटप्रमुखपद गेलं. ते जायलाच हवं होतं.

यंदा दीपक काळोखे गटप्रमुख आहे. मी त्याच्या हाताखाली मदतनीस म्हणून जाते आहे. आई सणसरहून येऊन आठ दिवस राहिली, जाऊ नको म्हणून रडली. तुमचं पत्र मी तिला दाखवलं. मग तिनंच माझी बॅग भरली.

दीपकला मी सगळं सांगितलंय. एका फेरीपुरता तो यंत्र माझ्याकडे देईल. त्याची एक अट आहे, कमरेला दोर बांधायचा. मी हो म्हणाले.

स्वरूपा


नीरा हिमनदी
१९ जानेवारी २०२५

आदरणीय नाना,

हे पत्र इथून निघायची सोय नाही. मार्चमध्ये पुण्याला पोचल्यावर टपालात टाकीन. पण लिहिणं आजच व्हायला हवं.

बावडा ही खूण आता होती त्या जागी नाही. बर्फ पुढे गेला, तसा संघपालही गेला. तुमचा आकडा धरून मी जागा काढली, एकशे सेहेचाळीस मीटर समुद्राकडे. यंत्र त्याच्यापासून एकशे ऐंशी मीटरवर मांडलं, गेल्या वर्षीइतकंच. तिपाईचे तिन्ही पाय दोन-दोनदा दाबून पाहिले. समोर काहीच नव्हतं. भेग वरून बुजली आहे. उजेड होता आणि पांढरं होतं, बस.

फेरी पंचवीस मिनिटांची होती. या वेळी मी आडोशाला बसले नाही. सगळा वेळ त्या जागेकडे बघत उभी राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पापणीवरच गोठत होतं आणि फेरी संपायच्या आधी ते काढायलाही हात वर न्यायचा नव्हता. फेरी संपली. मी माप तपासलं, बरोबर आलं होतं. मग यंत्रापासून दोन पावलं बाजूला झाले, म्हणजे त्याला मी नीट दिसेन, आणि दोन्ही हात वर केले.

मी मनातल्या मनात म्हणणार होते, पण मोठ्यानं म्हणाले. संघपाल, झालं. ये.

पोच आल्याशिवाय हात खाली घ्यायचे नाहीत, हे मला माहीत होतं. आणि पोच येणार नाही, हेही माहीत होतं. तरी हात खाली येईनात. दंड भरून आले, बोटं कळेनाशी झाली. किती वेळ गेला सांगता येत नाही. दीपक मागून दोर धरून आला, माझ्या दोन्ही मनगटांना धरलं आणि हात खाली घेतले. मी त्याला अडवलं नाही. पण नाना, ते मी घेतलेले नाहीत.

नियमाप्रमाणे तुमची मोजणी अजून अर्धवटच आहे. मला जेवढं करता येत होतं तेवढं केलं. यापुढचं माझ्या हातात नाही.

स्वरूपा


[पोस्टकार्ड]

बावडा
२३ मार्च २०२५

चि. स्वरूपास, जय भीम.

१९ जानेवारीचं पत्र काल मिळालं. आज सकाळी एसटीनं अंथुर्ण्याला गेलो. ज्या बांधावर मी त्याला बोललो होतो, तो बांध अजून आहे, झाडही आहे. दक्षिणेकडं तोंड करून उभे राहिलो. झेंडी त्याचीच नेली होती, सुट्टीत माझ्याबरोबर धरायचा ती. माझा खांदा आता वर जात नाही, म्हणून ती शालननं हलवली. तीन वेळा हलवली, एकदाच पुरते असं मी सांगूनही.

पोच दिली आहे. मोजणी पुरी झाली. आता हात खाली घे, पोरी.

रविवारी ये. चहा पिऊन जा.

नाना